न झिजणारा खडा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. डोंगर आजच्याहून थोडे उंच होते, तेव्हाची. मधल्या काळात तेही झिजले. लहानांनी पुढे येऊन बसा, मोठ्यांनी मागे बसलात तरी चालेल, पण पेंगू नका, कारण गोष्ट झिजण्याचीच आहे आणि ती तुमच्यासाठीही आहे.

त्या डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं. माणसं कष्टाळू, मनानं चांगली, पण एका बाबतीत भारी हट्टी. गावात कामाचं एकच माप चालायचं, ते म्हणजे झीज. कोण किती राबलं हे बघायचं, तर त्याचा विळा बघायचा. विळ्याचं पातं झिजून नखाएवढं उरलं असेल, तर माणूस मोठा. जात्याची तळी पातळ झाली असेल, तर त्या घरची बाई मोठी. वाटेत दोघं भेटले की एक विचारायचा, “काय, झिजताय ना?” दुसरा म्हणायचा, “झिजतोय की.” आणि एखादं म्हातारं माणूस गेलं, तर लोक डोळे पुसत म्हणायचे, फार छान झिजला हो. हसू नका. अशी घरं आपल्याकडेही आहेत. मला दोन-चार माहीत आहेत, तुम्हालाही असतील.

सुगी संपली की पारावर झिजेचा दिवस भरायचा. ज्यानं त्यानं आपलं हत्यार आणायचं, नाहीतर हाताचे घट्टे दाखवायचे. पाटील प्रत्येकाच्या झिजेवरून हात फिरवायचा आणि गावच्या कणगीतून त्या मापानं धान्य द्यायचा. वर्षाचं पोट त्या धान्यावर चालायचं.

त्या गावात गोजरा नावाची एक बाई राहायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, शेत नाही. तिच्याजवळ होतं काय, तर गावाच्या मधोमध एक लहानसं घर, घरापुढे ऐसपैस ओटा, आणि आईकडून आलेला एक खडा.

खडा दिसायला अगदीच सामान्य होता. बोराएवढा, काळपट, आणि अंगभर बारीक बारीक छिद्रं. अनारशाला जाळी पडते ना, तशी. वाटेत पडलेला असता तर तुम्ही त्याला पायानं उडवून पुढे गेला असता.

पण त्याचं काम ऐका. त्या डोंगरात थंडीबरोबर एक वाईट ताप यायचा. त्यावर औषध एकच. रानातल्या एका झाडाचा कडू चीक आणि खालच्या झऱ्याचं खारं पाणी, ही दोन्ही एकजीव झाली की ताप उतरवणारं औषध व्हायचं. गावानं त्याचं नावच उतारा ठेवलं होतं. नुसत्या चिकानं काही होत नव्हतं, नुसत्या पाण्यानंही नाही. आणि दोघं एका रांजणात घातली तरी चटकन एक होत नव्हती. पाणी वर, चीक खाली. एका घरात राहून अबोला धरलेल्या जावाच म्हणा ना! तशीच ठेवली तर एक व्हायला वर्ष लागायचं.

गोजरा रांजणात खडा टाकायची. तव्यावर भाकरी भाजून होईल एवढ्या वेळात रांजणातलं पाणी मधाच्या रंगाचं व्हायचं, उतारा तयार. मग ती खडा काढायची, धुवायची आणि पुढच्या रांजणात टाकायची. एक बोराएवढा खडा, आणि अख्ख्या गावाचे रांजण.

खडा नसता तर उतारा झालाच नसता का? झाला असता. जे होणारच नाही ते करून दाखवायला खडा काही जादूगार नव्हता. नुसत्या पाण्यात टाकला तर पाणी ते पाणीच राहायचं. जे उद्या-परवा कधीतरी होणार होतं, ते तो आज घडवून आणायचा, एवढंच.

आणि मजा बघा, गोजराच्या ओट्याचंही तसंच होतं. गावात खरोखरच्या दोन जावा होत्या, थोरली आणि धाकटी. एका तांब्याच्या हंड्यावरून त्यांचं बोलणं तुटलं होतं. एके दिवशी दोघी आपापल्या कामानं गोजराकडे आल्या आणि ओट्याच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसल्या. गोजरा तांदूळ निवडत होती. तिनं सूप मध्ये सरकवलं आणि चूल बघायला आत गेली. रिकामे हात किती वेळ गप्प बसणार? थोरलीनं एक खडा वेचला, धाकटीनं एक वेचला. सूप निवडून होईपर्यंत दोघी तांदळाच्या भावावर बोलत होत्या आणि गोजरा बाहेर आली तोवर हंड्यावर हसत होत्या. तिनं कुणाला उपदेश केला नाही, कुणाची बाजू घेतली नाही. दोघी उठून गेल्या, ओटा पुन्हा मोकळा झाला, आणि संध्याकाळी तिथे बांधावरून भांडणारे दोघे भाऊ येऊन बसले.

पुढे जुना पाटील वारला आणि नवा पाटील आला. हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही त्याला उगाच शिव्या द्याल. स्वतः पहाटेपासून राबायचा. त्याच्या तळहातावरच्या रेषासुद्धा झिजून गेल्या होत्या. जोशीबुवा हात बघायला बसले की बघून बघून परत द्यायचे. पण ज्यानं स्वतःला इतकं झिजवलं, त्याला दुसऱ्याचा गुळगुळीत हात बघवत नाही. हा आपला जुना आजार आहे.

पहिल्याच झिजेच्या दिवशी गोजरानं नेहमीप्रमाणे आपला खडा पारावर ठेवला. जुना पाटील हसून तिचं धान्य द्यायचा. नव्या पाटलानं सोनाराला बोलावलं, तराजू मागवला. खडा तोलला, गोजराला एका रांजणात टाकायला लावला, उतारा झाल्यावर काढून, पुसून पुन्हा तोलला. काटा होता तिथेच राहिला. केसाएवढाही फरक नाही.

“गोजराबाई, राग मानू नका,” पाटील म्हणाला. “गड्यांनी चीक काढला, पोरींनी झऱ्यावरून पाणी वाहिलं, रांजणाचीही तळी झिजली. सगळ्यांचं काही ना काही गेलं. तुमच्या खड्याचं काय गेलं?”

“काही नाही.”

“मग त्यानं केलं काय?”

गोजरालाही ते ठाऊक नव्हतं. आईनं खडा दिला होता, कारण दिलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली की खडा नसला तरी उतारा होईल, पण वाट बघावी लागेल. पाटील म्हणाला की होणार आहे ना, मग झालं तर. बसून खाणाऱ्याला कणगीतलं धान्य मिळणार नाही, असा निवाडा त्यानं दिला.

मला त्या दिवशीच्या पारावरच्या लोकांचा राग येतो. पाटलाचा कमी येतो, त्या लोकांचा जास्त. ज्यांची भांडणं तिच्या ओट्यावर मिटली होती ती सगळी तिथे हजर होती, आणि सगळ्यांना एकदम आपापल्या पायाचे अंगठे बघावेसे वाटले. गोजरानं खडा पदराच्या गाठीला बांधला आणि रिकामी टोपली घेऊन ती घरी गेली.

रांजण खड्याशिवाय भरून ठेवले गेले. गोजरा कुणाचं दळण दळून, कुणाचं शेण काढून दिवस ढकलू लागली. मग एका वर्षी थंडी लवकर आली, रांजणांचं वर्ष भरायच्या आधीच, आणि ताप पहिल्यांदा शिरला तो पाटलाच्याच घरात. त्याची एकुलती एक लेक सगुणी अंथरुणाला खिळली.

पाटलानं रांजण उघडले. पाणी वर, चीक खाली. त्यानं जाळ लावायला सांगितलं. जाळानं दोघं हलली खरी, पण एक व्हायला इतका जाळ लागला की चीक करपला, घाण सुटली, आणि रांजण मधोमध तडकला. दुसऱ्या रांजणाचीही तीच गत. हिवाळ्यासाठी रचून ठेवलेली लाकडं जळून गेली आणि हातात काळा गाळ राहिला. इकडे सगुणीला बाप ओळखू येईना.

पाटील गोजराच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला. गोजरानं त्याला मागूच दिलं नाही. ती उठली, पदराची गाठ सोडली आणि त्याच्या पुढे चालू लागली. भाकरी भाजून होईल एवढ्या वेळात उतारा झाला. चार दिवसांत सगुणी उठून बसली आणि आंबट काहीतरी खायला मागू लागली. पाटील दाराआड जाऊन रडला.

गोष्ट इथे संपली असती तर फार बरं झालं असतं. पण चूक सुधारायला निघालेला माणूस इतक्या जोरात वळतो की थेट दुसऱ्या बाजूच्या खड्ड्यात पडतो.

पाटलानं पारावर दगडी देवळी बांधली. खडा तिच्यात बसवला आणि स्वतःच्या हातानं त्याला शेंदूर लावला. तेलात मळलेला, जाड, लालभडक. गावानंही लावला. दर सणाला एक थर, दर नवसाला एक थर. मूळचा बोराएवढा खडा बघता बघता लाडवाएवढा झाला. मायेनंच लावलेला होता हो सगळा, त्यात खोट नव्हती.

गोजरालाही त्यांनी सोडलं नाही. पाराशेजारी उंच जोत्याचं घर बांधलं, गादी घातली, तिला तिथे नेऊन बसवलं. जुन्या घराला कडी लावली. ती म्हणायची की मी आपली माझ्या ओट्यावर बरी आहे. लोक म्हणायचे, “मावशी, तुम्ही आता काही करायचं नाही. तुम्ही फक्त बसा.” लोक यायचे, पायरीवर डोकं टेकायचे आणि लांबूनच परत जायचे. देवाच्या माणसाशेजारी टेकून बसायचं कसं? जावांचं पुन्हा वाजलं, या वेळी एका मुसळावरून. थोरली सकाळी पाया पडून जायची, धाकटी संध्याकाळी. ओट्यावरच्या दाराला कडी होती आणि मुसळ अडगळीत पडलं होतं. बांधावरचे भाऊही पुन्हा काठ्या घेऊन फिरू लागले.

पुढच्या सुगीत वाजतगाजत खडा आणला, शेंदरासकट रांजणात बुडवला आणि तसाच परत नेऊन बसवला. रांजण उघडून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. बघणं म्हणजे शंका घेणं झालं असतं.

थंडी पडली. त्या वर्षी ताप पहिल्यांदा गोजराला आला.

सगळं गाव रांजणाकडे धावलं. झाकण काढलं, तर पाणी वर आणि चीक खाली. लोकांचे चेहरे उतरले. खडा कोपला, दुसरं काय! पाटील नवस बोलला, त्यानं खड्याला आणखी एक थर दिला, पुन्हा रांजणात बुडवला. भाकरी भाजून झाली, सगळा स्वयंपाक होऊन गार झाला, तरी पाण्याचा रंग बदलला नाही. जाळाचं नाव काढायचं धाडस आता कुणात नव्हतं.

सगुणी गोजराच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. मावशी काही बोलते का म्हणून ती कान लावून होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरा बोलली. सगुणीनं ते ऐकलं आणि तशीच अनवाणी पारावर पळत आली. पाटील शेंदराच्या वाटीत हात घालून उभा होता.

“आबा, मावशी म्हणतेय, मला माझ्या ओट्यावर न्या. म्हणतेय, इथं सगळे पाया पडतात, बसत कुणीच नाही. बसायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही.”

पाटील वाटीत हात तसाच ठेवून खड्याकडे बघत राहिला. लाल, गोल, गुळगुळीत. त्याला आठवलं, सोनाराच्या तराजूत ठेवला होता तेव्हा हा खडा असा नव्हता. अंगभर जाळी होती याला. आणि त्याला गोजराचा ओटाही आठवला, दोन टोकांना येऊन बसणारी माणसं आठवली. चीक आणि पाणी त्या छिद्रांत अशीच येऊन बसत असतील. बसतील, भेटतील, एक होऊन उठून जातील, आणि पुढच्यांना जागा मोकळी. खड्याचं काही जात नव्हतं, कारण त्याला काही द्यायचंच नव्हतं. त्याला फक्त जागा द्यायची होती. ती जागा आपण आपल्या हातानं लिंपून टाकली.

त्यानं खडा उचलला आणि शेंदूर खरवडायला सुरुवात केली. लोक ओरडले की पाटील, पाप लागेल.

“लागलं तर मला लागू दे,” तो म्हणाला.

थर निघता निघेना. त्यानं आधी नखांनी खरवडलं, मग कढत पाण्यात राखेनं घासलं, मग बाभळीचा काटा घेऊन एकेक छिद्र मोकळं केलं. बोटं सोलवटली, नखं मुळापर्यंत गेली. आयुष्यभर झिजला, पण कामी आली ती त्या सकाळची झीज. तोवर सगुणीनं आणि दोघा भावांनी गोजराला उचलून तिच्या घरी आणलं, कडी काढली, ओट्यावरची धूळ झटकली आणि तिला तिथे उन्हात निजवलं.

काळपट, खडबडीत खडा पाटलानं रांजणात सोडला. वाकून बघायला या वेळी कुणी लाजलं नाही. भाकरी भाजून होईल एवढा वेळ गेला, आणि रांजणातलं पाणी मधाच्या रंगाचं झालं.

संध्याकाळपर्यंत गोजराला घाम फुटला. थोरली जाऊ एका बाजूनं तिचे पाय चेपत होती, धाकटी दुसऱ्या बाजूनं. ओट्यावर गर्दी झाली होती. थोरली म्हणाली, “जरा सरक की गं.” धाकटी सरकली. मग हळूच म्हणाली, मुसळ घेऊन जा उद्या. गोजरानं डोळे मिटलेलेच ठेवले होते, पण ती जागी होती.

पुढच्या झिजेच्या दिवशी पाटलानं पुन्हा सोनाराला बोलावलं. खडा तोलला. काटा होता तिथेच. लोक माना उंचावून बघू लागले.

“याचं काही गेलं नाही,” पाटील म्हणाला. “बरं झालं. म्हणून तर पुढच्या वर्षीही हा आपल्याजवळ आहे.”

त्यानं गोजराची टोपली इतरांच्या टोपलीएवढीच भरली, जास्त नाही की कमी नाही. देवळी रिकामी ठेवली. खडा पुन्हा गोजराच्या पदराच्या गाठीला गेला. नियम एवढाच झाला की वापरण्याआधी आणि वापरल्यावर तो स्वच्छ धुवायचा आणि त्याला काही फासायचं नाही.

गावाची रीतही हळूहळू बदलली. जुनी माणसं वाटेत विचारायची, “काय, झिजताय ना?” तर आता समोरचा आपल्या ओट्याकडे हात करून म्हणायचा, “झिजू की सावकाश. आधी या, बसा, जागा आहे.”

तर लहानांनो आणि मोठ्यांनो, हे लक्षात ठेवा: स्वतः न झिजता जो दोघांना जवळ आणतो, त्याची झीज दिसत नाही म्हणून त्याला हिणवू नये आणि गुण दिसला म्हणून मढवू नये, त्याच्यापाशी बसायची जागा तेवढी मोकळी ठेवावी.